ओपीडीतल्या व्यसनोपचारावरचे नियम सैल करावेत का? नागपुरातून एक सविस्तर उत्तर

काटोल रोडला जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या एका एमबीबीएस डॉक्टरांनी विचारलंय: "अमेरिकेत अफूवर्गीय व्यसनांवर बाह्यरुग्ण उपचार करणाऱ्या केंद्रांवरचे सरकारी नियम सैल करत आहेत, असं वाचनात आलं. आपल्याकडेही तसं करावं, असं काही मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. पण उद्या गल्लोगल्ली असे दवाखाने निघाले तर ती गोळ्यांची दुकानंच होणार नाहीत का? आणि एक नशा सोडवायला दुसरी द्यायची, हा कुठला उपचार?"

मी धंतोलीत बसतो. व्यसनाचे रुग्ण बघण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो. नियम सैल करावेत, पण सगळे नाहीत. आपल्याकडची अडचण नियम फार आहेत की कमी आहेत ही नाहीच. जिथे पकड हवी तिथे ती ढिली आहे आणि जिथे रुग्णाला मोकळं येऊ-जाऊ द्यायला हवं तिथे आवळलेली आहे.

अमेरिकेचा मामला आधी नीट समजून घेऊ, कारण त्याची अर्धवट बातमी इकडे येते आणि मग दोन्ही बाजू तीच वापरतात. तिथे हा सगळा वाद मुख्यतः मेथाडोनवरून आहे, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेऐवजी ठरावीक मापात दिल्या जाणाऱ्या अफूवर्गीय औषधावरून. 1970 च्या दशकात झालेल्या नियमांनुसार व्यसनावरचं मेथाडोन तिथे साध्या केमिस्टकडे मिळत नाही. परवानाधारक केंद्रात जायचं, नर्ससमोर डोस प्यायचा, उद्या परत यायचं. त्यावर प्रत्येक राज्याचे आपापले नियम. वेस्ट व्हर्जिनियाने तर 2007 मध्ये नवीन मेथाडोन केंद्रं उघडण्यावरच बंदी घातली होती, आणि हे राज्य ओव्हरडोसच्या मृत्यूंत देशात आघाडीवर असणाऱ्यांपैकी! मार्च 2020 मध्ये कोविड आला आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाइलाजाने सवलत दिली: स्थिर रुग्णाला 28 दिवसांपर्यंतचं औषध घरी न्यायला द्या. 2024 मध्ये हीच सवलत कायमच्या नियमात आली. आता पहिल्या दोन आठवड्यांत 7 दिवसांपर्यंतचं, पंधराव्या दिवसापासून 14 दिवसांपर्यंतचं आणि महिना उलटल्यावर 28 दिवसांपर्यंतचं औषध डॉक्टरच्या निर्णयाने घरी देता येतं. पण राज्यांना याहून कडक राहायची मुभा आहे, आणि खरी रस्सीखेच तिथेच चाललेली असते.

मग घरी औषध दिल्यावर लोक मेले का? ओव्हरडोसच्या एकूण मृत्यूंपैकी मेथाडोन सापडलेल्या मृत्यूंचा वाटा 2019 मध्ये 4.5 टक्के होता, 2021 मध्ये तो 3.2 टक्क्यांवर आला. सवलतीच्या बाजूचे लोक हा आकडा फार मिरवतात. मी तेवढा मिरवणार नाही. फेंटानिल या अतिशय तीव्र अफूवर्गीय पदार्थामुळे एकूण मृत्यू इतके वाढले की बाकी सगळ्यांचा टक्का आपोआपच उतरतो. पण बाटल्या घरी गेल्या की मेथाडोनने मृत्यूंची लाट येईल, ही जी भीती पन्नास वर्षं बोलून दाखवली जात होती, ती काही खरी ठरली नाही. एवढं नक्की म्हणता येतं.

दुसरी एक अमेरिकन गोष्ट आपल्यासाठी जास्त कामाची आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे याच व्यसनावरचं दुसरं औषध लिहून द्यायला तिथे डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची, वर किती रुग्ण घ्यायचे त्यावरही मर्यादा. डिसेंबर 2022 मध्ये ती अटच काढून टाकली. अपेक्षा अशी की आता धडाधड उपचार सुरू होतील. लिहून देणारे डॉक्टर वाढले खरे, पण औषध घेणाऱ्या रुग्णांची संख्या फारशी हलली नाही. परवानगी लागत होती म्हणून डॉक्टर थांबले होते, हे अर्धंच खरं होतं. अशा रुग्णाला आपल्या वेटिंग रूममध्ये बसवायचीच अनेकांची तयारी नसते. नागपुरातले आपले व्यवसायबंधू याला अपवाद आहेत असं मला कुणी सांगू नये.

आता आपल्याकडे या. इथे मुख्य औषध मेथाडोन नाही, ब्युप्रेनॉर्फिन आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या स्वभावात आहे. हे औषध मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसतं जिथे ब्राऊन शुगर बसते, आणि घट्ट बसतं. पण ती जागा अर्धवटच चालू करतं. म्हणून टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, येत नाही, अंग मोडत नाही, नाक-डोळे गळत नाहीत, आणि बरोबर डोस असेल तर किकही बसत नाही. श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीपुढे वाढत नाही, त्यामुळे एकट्या ब्युप्रेनॉर्फिनने प्रौढ सवयीचा माणूस मरणं अवघड. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत आल्या की मात्र हे गणित मोडतं. एक नशा सोडवायला दुसरी, असं बाहेरून दिसतं. आतून काय होतं, तर सकाळी सहाला उठून माल शोधायला निघणारा माणूस सहाला उठून ड्युटीवर जातो. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा एक जण मला म्हणाला होता, "सायब, पयले दिवसभर एकच काम होतं, पैसे पाय अन् माल पाय. आता रिकामा वेळ भेटते तं काय करू समजूनच नाही राहिलं." त्या रिकाम्या वेळाचं काय करायचं, हा खरा पुढचा उपचार. गोळीने तो सुरू करण्यापुरती जागा मिळते.

आणि पूर्ण सोडवूनच का टाकत नाही? कारण दहा-पंधरा दिवसांत अंगातून काढून घरी पाठवलेले बहुतेक जण परत घेतात, आणि सवय उतरलेल्या शरीरात जुन्याच मापाने घेतात. 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. मेथाडोन चालू असताना वर्षाला हजारी सुमारे 11 मृत्यू, उपचार सुटल्यावर 36. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना 4, सुटल्यावर 9 ते 10. नियमांबद्दल बोलताना हे आकडे डोळ्यांसमोर हवेत. ज्या नियमामुळे रुग्ण मध्येच सुटतो, त्या नियमाची किंमत या फरकात मोजायची.

आपल्याकडे पकड कुठे आहे? ब्युप्रेनॉर्फिन एनडीपीएस या अमली पदार्थांवरच्या कायद्यात आहे, औषध नियमांच्या शेड्यूल एच-वन या कडक यादीत आहे, आणि व्यसनासाठीच्या जिभेखालच्या गोळीचा पुरवठा व्यसनमुक्ती केंद्रांपुरताच ठेवलाय. तुम्ही चिठ्ठी लिहिली आणि रुग्णाने गांधीबागेतल्या किंवा कुठल्याही केमिस्टकडून आणली, असं चालत नाही. व्यावसायिक प्रमाणात विनापरवाना साठा सापडला तर किमान 10 वर्षं तुरुंग. नाकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, 2007 नंतर जी ओएसटी (नशेऐवजी औषध देणारी) केंद्रं वाढवली ती सुईने घेणाऱ्यांसाठी, एचआयव्ही रोखायला. पन्नीवर ओढणारा किंवा खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या रिचवणारा त्या चौकटीत बसतच नव्हता. म्हणजे आधी सुई टोचायला लाग, मग तुझा उपचार करतो. असं कुणी ठरवून केलं नाही, पण झालं तसं.

ओएसटी केंद्रात रोजचं काय चालतं ते तुम्ही एकदा जाऊन बघा. नर्स कार्ड बघते, रजिस्टर उघडते, गोळ्या चमच्याने जाडसर कुटते, कारण अख्खी गोळी गालात दाबून बाहेर नेता येते. तो चुरा जिभेखाली टाकायचा आणि पाच-दहा मिनिटं बाकावर गप्प बसून राहायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी नाही. मग "आ कर, जीभ वर कर" म्हणून टॉर्चने तपासायचं, सही घ्यायची, सोडायचं. पहिले दोन आठवडे हे सगळं अगदी योग्य आहे. डोस बसवायचा असतो, रुग्णाची ओळख व्हायची असते. पण दीड वर्ष लघवीच्या तपासणीत काही न सापडलेल्या, एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला रोज दहा वाजता आणून बसवायचं कशासाठी? "मालक रोज लेट नाही येऊ देऊन राहिला, काम सोडू का गोळी सोडू?" असं विचारणाऱ्याने काय सोडावं? तो काम सोडत नाही. गोळी सोडतो.

नागपूरच्या बाबतीत तर हे आणखी बोचतं. आपल्याकडे रुग्ण कुठून येतात? गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, वर छिंदवाडा, बालाघाट. रोजचा डोस ही त्यांच्यासाठी उपचारपद्धतीच नाही, ती नाकारण्याची सभ्य रीत आहे.

आणि ट्रकवाले. राष्ट्रीय महामार्ग 44 आपल्या दारातून जातो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात पंजाबचे ड्रायव्हर असतात. त्यांच्यातले काही जण अफू किंवा भुक्कीवर, म्हणजे अफूच्या बोंडांच्या भुशावर, वाढलेले, आणि अलीकडे काही जण पंजाबच्या केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिन घेणारे. असा एक जण एकदा माझ्याकडे आला. गाडी बिघडून इथे अडकलेला, गोळ्या संपलेल्या, जांभया आणि पोटात मुरडा सुरू झालेला. खिशात त्याच्या केंद्राचं कार्ड, त्यावर डोस लिहिलेला, सगळं रीतसर. पण त्या राज्यातली नोंद इथे कुणाला दिसत नाही, आणि इथल्या कुठल्याही केमिस्टकडे ती गोळी मिळायची नाही. मधुमेहाचा रुग्ण असता तर समोरच्या दुकानातून इन्सुलिन घेऊन निघून गेला असता. याला नवीन रुग्ण म्हणून पहिल्यापासून तपासायचं, केसपेपर, ओळखपत्र, सगळं. तोवर वाटेतल्या ढाब्यावर त्याला हवं ते कितीतरी लवकर मिळतं. आरोग्य हा विषय राज्यांचा, म्हणून नियम राज्यांचे. पण व्यसनी माणूस राज्याची हद्द बघून आजारी पडत नाही.

आता तुमच्या दुकानाच्या भीतीकडे. ती भीती खोटी नाही, आणि ती बघायला अमेरिकेला जायची गरजही नाही. पंजाबने ऑक्टोबर 2017 पासून ओपीडीतून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन देणारी शेकडो केंद्रं उघडली. आधी रोज समोर डोस, मग कोविडमध्ये घरी. लाखो लोक उपचारात आले, ही भारतात दुसरीकडे कुठे न झालेली गोष्ट आहे. पण खाजगी केंद्रांतून गोळ्या बाहेर विकल्या जाताहेत, एकेक माणूस केंद्रांची साखळीच चालवतोय, अशा तक्रारीही झाल्या. 2025 मध्ये त्यांनी नवे नियम आणले: बायोमेट्रिक हजेरी, आणि एका मालकाकडे जास्तीत जास्त पाच खाजगी केंद्रं. दार उघडलं ते उघडंच ठेवलं, गल्ल्यावर कॅमेरा लावला. हा क्रम मला पटतो.

बाहेर गेलेली गोळी कोण घेतो, हेही बघायला हवं. बरेचदा तो दुसरा व्यसनीच असतो, उपचारात न आलेला, टर्की टाळायला विकत घेणारा. म्हणजे काळा बाजार जेवढा मोठा, तेवढी दवाखान्याबाहेरची रांग मोठी. पण मी यावर हात झटकणार नाही, कारण काही जण तीच गोळी विरघळवून सुईने घेतात आणि हातापायाला गळवं घेऊन येतात. त्यात सोबत "बटन" असतं, म्हणजे नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी. ते मिश्रण मारतं. नॅलॉक्सोन मिसळलेली गोळी यासाठीच आहे. जिभेखाली नॅलॉक्सोन जवळपास शोषलं जात नाही, पण टोचून घेतलं की ते अफूवर्गीय नशेचा परिणाम रोखतं आणि टर्की आणतं. घरी न्यायला द्यायची ती मिसळलेलीच द्यायची, साधी समोर बसवून.

फ्रान्सने तर 1996 पासून साध्या फॅमिली डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली. वेगळी परवानगी नाही, सक्तीचं प्रशिक्षण नाही. 1995 ते 1999 या काळात तिथले ओव्हरडोसचे मृत्यू 79 टक्क्यांनी कमी झाले. सोबत गोळ्या टोचणं, एकाच वेळी चार डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणं, गोळ्यांची तस्करी हेही झालं. त्यांनी दार बंद केलं नाही, विम्याच्या नोंदींवरून असे रुग्ण आणि डॉक्टर शोधायला लागले. आपल्याकडे तशी विम्याची नोंद नाही, त्यामुळे फ्रान्सचा नमुना जसाच्या तसा उचलून नागपुरात आणा, असं मी म्हणणार नाही. त्याऐवजी आपल्याला निदान एक समाईक ऑनलाइन नोंद हवी, जी राज्याची हद्द ओलांडेल आणि ज्यात रुग्णाचं नाव पोलिसांना दिसणार नाही. ही दुसरी अट पहिल्याइतकीच महत्त्वाची. एनडीपीएसच्या कलम 64-अ नुसार स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला काही गुन्ह्यांत संरक्षण आहे, पण हे माहीत असलेला रुग्ण मला अजून भेटायचाय. त्याला फक्त एवढं कळतं की नाव लिहिलं गेलं.

मग माझ्या हातात असतं तर? प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून हे औषध देऊ द्या. नाकोच्या केंद्रांत एमबीबीएस अधिकारीच ते वर्षानुवर्षं देत आलेत, त्यात नवीन काही नाही. स्थिर रुग्णाला एक, मग दोन आठवड्यांच्या गोळ्या घरी. समुपदेशन हवं, पण ते न घेणाऱ्याची गोळी थांबवायची नाही. साठ्याचा हिशेब मात्र गोळीगणिक, अचानक तपासणीसह, आणि त्यात सूट कुणालाच नाही, मलाही नाही. रोख घेऊन गोळी देणाऱ्याचा आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याचा फायदा गोळ्यांच्या संख्येशी जोडलेला असला की दुकान होणारच. म्हणून सरकारी रुग्णालयं आधी, खाजगी नंतर. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने देशात अफूवर्गीय पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक सांगितले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत त्यांत महाराष्ट्राचंही नाव आहे. एवढ्यांना मूठभर मानसोपचारतज्ज्ञ पुरणार कसे?

आता जिथे मी नियम आवळेन तिकडे. शहराबाहेर, रिंग रोडपलीकडे भाड्याच्या बंगल्यांत चालणारी निवासी "व्यसनमुक्ती" केंद्रं. सगळी वाईट नाहीत, काही मनापासून चालवलेली आहेत. पण काहींचा धंदा असा: घरच्यांनी फोन करायचा, चार जण गाडी घेऊन येतात, पोराला उचलून नेतात, चार-सहा महिने कुलूपबंद. डॉक्टर आठवड्यातून एकदा आला तर आला. मारझोड झाली तर घरच्यांना कळत नाही, कारण भेटच बंद असते. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये व्यसनाचे विकार येतात, आणि रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी सक्तीची आहे. ओपीडीपुरतं क्लिनिक त्या व्याख्येत येत नाही, कुलूपवालं केंद्र येतं. बिननोंदणी चालवलं तर पहिल्या वेळी दंड किती? 5 हजार ते 50 हजार. एका महिन्याच्या दोन-तीन रुग्णांच्या फीमध्ये तो भरून निघतो. विनापरवाना गोळ्यांच्या साठ्याला असलेल्या 10 वर्षांच्या तुरुंगाशी हे ताडून बघा. शिवाय या केंद्रातून बाहेर पडलेला पोरगा म्हणजे सवय पूर्ण उतरलेला, औषध काही चालू नसलेला, आणि पहिल्याच संध्याकाळी जुन्या मित्रांत. ओव्हरडोसचा सगळ्यात मोठा धोका त्याला असतो, आणि घरच्यांना वाटतं पोरगा बरा होऊन आला.

जाता जाता एक. नागपुरात हल्ली पेपरात रोज "एमडी"च्या बातम्या असतात आणि पालक तीच शंका घेऊन येतात. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते अफूवर्गीय नाही. त्यावर ब्युप्रेनॉर्फिनचा काही उपयोग नाही, तसं दुसरं कुठलं बदली औषधही नाही. या चर्चेत ते मिसळू नका.

राहता राहिला तुमचा दवाखाना. नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. असा रुग्ण आला तर ट्रामाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक लिहून "हळूहळू कमी करू" असं करू नका, ते स्वतःच एप्रिल 2018 पासून एनडीपीएसखाली आहे, आणि त्याचेच व्यसनी माझ्याकडे येतात. अल्प्राझोलामची, म्हणजे झोपेच्या गोळ्यांची पट्टी तर नकोच. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या. हिपॅटायटिस सीचे उपचार सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. आपत्कालीन ट्रेमध्ये नॅलॉक्सोनची अँप्यूल ठेवा. मग मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय, जे त्याला जवळ पडेल तिथल्या मानसोपचार ओपीडीत पाठवा. घरच्यांना 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन द्या. आणि पाठवताना पत्रात "ड्रग अ‍ॅडिक्ट, प्लीज डू द नीडफुल" एवढंच लिहू नका. काय घेतो, ओढतो की टोचतो, सोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू आहे का, आणि शेवटचं किती वाजता घेतलं हे लिहा. ब्राऊन शुगर घेऊन बारा तासही झाले नसताना आम्ही ब्युप्रेनॉर्फिन दिलं तर ते त्या जागेवरून मालाला हुसकून लावतं आणि त्याला तिथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, आयुष्यातली सगळ्यात वाईट टर्की येते. असा रुग्ण परत येत नाही, आणि दहा जणांना सांगतो की तिकडे जाऊ नका.